पथ्याची परतवारी

'पथ्य' हा शब्द घराघरांत रोज उच्चारला जातो, पण तो 'पथ' म्हणजे वाट या शब्दापासून आला, हे सहसा कुणाच्या ध्यानात नसते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, पथ्याची व्याख्या केली आहे: जे शरीराच्या वाटेला धरून असते आणि मनालाही रुचते, ते पथ्य. या व्याख्येचा दुसरा अर्धा भाग आपण विसरलो आणि पहिल्या भागातली वाट पुसून टाकली. आज वजन कमी करण्यासाठी आहार ठरवून दिलेल्या माणसाशी बोलताना दोनच क्रियापदे वापरली जातात: पथ्य पाळले की मोडले. पाळणे आणि मोडणे ही व्रताची, शपथेची, कायद्याची भाषा आहे. शपथ मोडली की माणूस दोषी ठरतो. वाट मात्र मोडत नाही. ती चुकते, आणि चुकलेली वाट पुन्हा धरता येते. माझे सारे म्हणणे या एका फरकावर उभे आहे. ठरलेल्या आहारापासून ढळणे हे एक प्रकारचे पाप आहे, ही समजूत रुग्ण, घरचे आणि उपचार करणारे या तिघांच्याही मनात मुरलेली आहे. ती धर्मविचाराच्या कसोटीवर टिकत नाही आणि उपचाराच्या दृष्टीने घातक आहे. रुग्णाला पथ्यावर टिकून राहायला मदत करायची असेल, तर आधी या समजुतीला हात घातला पाहिजे.

हे सारे मी हिंगोली जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून म्हणतो आहे, म्हणून पहिला आक्षेप जागेबद्दलच येईल. हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा, ज्वारी, तूर, सोयाबीन आणि हळदीवर जगणारा जिल्हा. जिथे अंगणवाडीत मुलांच्या दंडाचा घेर कुपोषणासाठी मोजावा लागतो, तिथे वजन घटवण्याची चर्चा ही शहरी चैन नाही काय? या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. आईच्या पोटातच ज्याची उपासमार झाली ते भारतीय बाळ हाडामांसाने बारीक आणि चरबीने भरलेले जन्माला येते, असे त्यांच्या गटाने दाखवून दिले. म्हणजे कालची उपासमार आणि आजचे वाढलेले पोट ही एकाच कहाणीची दोन पाने आहेत. म्हणूनच भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा मानतात. म्हणूनच आशाताई तिशी ओलांडलेल्या गावकऱ्यांच्या कमरेला टेप लावतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटावर प्रमाणाबाहेर चरबी आढळली. एकाच घरात नात कुपोषित आणि आजी मधुमेही असू शकते. त्या घराला दोन्ही बाजूंनी आधार लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ढळणे हा मनाचा दुबळेपणा आहे असे ठरवण्यापूर्वी शरीर काय करते ते पाहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील प्रिया सुमित्रन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन घटवलेल्या लोकांची वर्षभरानंतर पुन्हा तपासणी केली. भूक जागवणारे घ्रेलिन तेव्हाही वाढलेलेच होते आणि साठा पुरेसा असल्याचे मेंदूला कळवणारे लेप्टिन तेव्हाही घटलेलेच होते. शरीर आपले जुने वजन विसरत नाही. ते मागे खेचत राहते. याहून बोलका पुरावा अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी केलेल्या प्रयोगाचा आहे. त्यात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या खुराकावर ठेवले होते. हे तरुण कोण होते, याला इथे फार महत्त्व आहे. धर्माच्या आणि विवेकाच्या साक्षीने युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले ते लोक होते. समाजाचा रोष पत्करूनही आपल्या शब्दाला जागलेले होते. त्यांच्या निश्चयाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तरीही भूक वाढत गेली तशी त्यांच्या मनात अन्नाशिवाय दुसरे काही उरले नाही. ते पाककृतींची पुस्तके वाचत बसत, आणि बंधन उठल्यावर पोट भरल्यानंतरही कितीतरी खात राहिले. इतक्या खंबीर माणसांचे हे होत असेल, तर दिवसभर रानात निंदणी करून आलेल्या बाईने रात्री एक भाकर जास्त खाल्ली म्हणून तिचा निश्चय कच्चा, असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

पाप मानल्याने नुकसान काय होते, हेही तपासलेले आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. एरवी खाण्यावर कडक लगाम ठेवणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खायला हवे होते. त्यांनी ते जास्तच खाल्ले. नियम एकदा भंगला की 'आता मोडलंच आहे, तर आजचा दिवस जाऊ दे' हा विचार झडप घालतो. उपवासाचा हिशेब मांडणाऱ्या आपल्या मनाची ही चाल 'एकादशी अन् दुप्पट खाशी' या म्हणीने कधीच टिपून ठेवली आहे. दिवसभर धान्य वर्ज्य केल्याचे पुण्य एका पारड्यात टाकायचे आणि साबुदाण्याची खिचडी, तळलेल्या चकत्या, शेंगदाण्याचे लाडू यांनी दुसरे पारडे भरायचे. दोष या व्रतात नाही. 'उपवास' म्हणजे जवळ राहणे. पण त्याचा अर्थ शिक्षा आणि बक्षीस असा लावला, तर त्या दोघांचे चक्र फिरणारच. चरकाला ही गोष्ट ठाऊक असावी. अंगवळणी पडलेले अहितकर खाणे एकदम तोडू नये, थोडा थोडा अंश कमी करत, मधे दिवसांचे अंतर ठेवत सोडावे, आणि हितकर ते त्याच क्रमाने अंगी लावावे, असे तो सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगतो. क्रमाने गेलेले दोष परत येत नाहीत, हा त्यामागचा विश्वास. सहा भाकरीवरून एकदम दोनवर आणणारा तक्ता पाहायला छान दिसतो. सहावरून पाचवर आणि पंधरा दिवसांनी साडेचारवर आणणारा तक्ता माणसाच्या मापाचा असतो.

लाज ही या वाटेवरची मोठी धोंड आहे. वजनावरून हिणवलेला माणूस जास्त खातो आणि दवाखाना टाळतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. या लाजेच्या मुळाशी एक धर्मविषयक गृहीत आहे: जड शरीर हे अपराधी शरीर. या गृहीताला सर्वांत जोरदार उत्तर याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला, कथेच्या रूपाने का होईना, दिले गेले आहे. गुरूच्या शोधात तिथे आलेल्या नामदेवांना विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय टाकून निजलेले दिसले. नामदेव संतापले. तेव्हा विसोबांनी, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव, असे सांगितले. आणि नामदेवांनी जिकडे पाय वळवले तिकडे पिंड उभी राहिली. ही कथा आपण देवाच्या सर्वव्यापकतेचा दाखला म्हणून सांगतो आणि तिथेच थांबतो. ती पुढे नेली पाहिजे. देव नाही अशी जागाच नसेल, तर काट्यावर नव्वद किलो दाखवणारे शरीरही देवावाचून नाही. मग त्याची सेवा करायची, त्याला सजा द्यायची नाही. सेवेत शिस्त असते, मोजमाप असते, कंटाळा आला तरी करायची कामे असतात. फक्त द्वेष नसतो. पथ्य हे असे सेवेचे काम आहे, हे रुग्णाच्या मनात उतरले तर त्याला काट्यावर उभे राहताना मान खाली घालावी लागणार नाही.

इथे कर्तव्यकठोर वाचक हरकत घेईल: दोष द्यायचाच नाही, तर जबाबदारी उरते कुठे? मुभा दिली की माणूस सैल पडतो. ही हरकत गंभीर आहे, पण ती दोष आणि जबाबदारी यांना एक मानते. दोष मागच्या घासाकडे बोट दाखवतो; जबाबदारी पुढच्या घासाबद्दल विचारते. वारकरी परंपरेत यासाठी 'नेम' हा फार चांगला शब्द आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाचा नेम प्रायश्चित्तापेक्षा कठीण असतो, कारण प्रायश्चित्त एकदा केले की सुटका होते; नेम उद्या सकाळी पुन्हा समोर उभा राहतो. योगसूत्रांत पतंजलींनी अभ्यास दृढ होण्याच्या तीन अटी सांगितल्या आहेत: तो दीर्घकाळ, सातत्याने आणि आदरपूर्वक व्हावा. कुणी म्हणेल, सातत्य ही अट असेल तर ढळलेल्याचा अभ्यास तुटलाच की. पण त्याच पादात पतंजली साधकाच्या मार्गातील नऊ अडथळे मोजतात. त्यांत आजार आहे, आळस आहे आणि शेवटी 'अनवस्थितत्व' आहे: मिळवलेल्या पायरीवर टिकून राहता न येणे. घटवलेले वजन पुन्हा वाढणे याला याहून नेमका शब्द मला माहीत नाही. पतंजली त्याला पाप म्हणत नाहीत. वाटेवर येणारा अडथळा म्हणतात आणि लगेच उपायाकडे वळतात. सातत्य म्हणजे कधीच न पडणे असे असते, तर अडथळ्यांची यादी देण्याचे कारणच नव्हते.

मग टिकून राहणे कशाने साधते? आहार कोणता, यावर आपण फार वाद घालतो. २००५ साली मायकेल डॅन्सिंजर यांच्या गटाने १६० जणांना चार वेगवेगळ्या नामांकित आहारपद्धतींत विभागले. वर्षाअखेरीस किती वजन घटले, याचे नाते पद्धतीशी फारसे जुळले नाही. ती किती निष्ठेने चालवली, याच्याशी जुळले. आणि निष्ठा एकट्याने वाढत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात ३,२३४ माणसे होती. आहार आणि व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. औषधाच्या गटात ३१ टक्क्यांनी. त्या यशामागे नुसता छापील तक्ता नव्हता. प्रत्येकाला स्वतःचा मार्गदर्शक होता आणि पहिल्या २४ आठवड्यांत सोळा धडे समोर बसून घेतले जात. याला आपल्याकडे दिंडी म्हणतात. पंढरीची वाट एकट्याला लांब वाटते. दिंडीत मागे पडलेल्यासाठी कुणीतरी थांबते, आणि उशिरा पोचला म्हणून त्याला कुणी परत पाठवत नाही.

सोबतीचे एक जुने आणि नेमके उदाहरण बौद्ध परंपरेत आहे. संयुत्तनिकायात कोसलचा राजा पसेनदी द्रोण या मोठ्या मापाच्या तांदळाचा भात खाऊन धापा टाकत बुद्धांकडे येतो. बुद्ध त्याला दरडावत नाहीत, खादाड म्हणत नाहीत. भान ठेवून मात्रेत जेवणाऱ्याचे दुःख हलके होते आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा म्हणतात. राजा मागे उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला सांगतो आणि रोज जेवताना ती ऐकवण्यासाठी शंभर कार्षापण देऊ करतो. हळूहळू राजाचा भात एका नाळीच्या मापावर आला आणि शरीर सुटसुटीत झाले. या कथेतला राजा आठवण ठेवण्याचे काम एकट्याच्या मनावर सोपवत नाही, ही तिची शिकवण आहे. २०१३ साली चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ नोकरदार पुरुषांवर असाच प्रयोग केला. निम्म्यांना आहार-व्यायामाची आठवण देणारे संदेश मोबाइलवर नियमित पाठवले. दोन वर्षांत साध्या सल्ल्याच्या गटात २७ टक्के, तर संदेशांच्या गटात १८ टक्के लोकांना मधुमेह झाला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा सुदर्शन आणि आजचा मोबाइल एकच काम करतात. गावात ते काम आशाताई, नात, शेजारीण, भजनी मंडळातला सोबती, कुणीही करू शकते. अट एवढीच की त्याने गाथा म्हणावी, पंचनामा करू नये.

धर्माच्या बाजूने आणखी एक अडचण आहे, आणि ती हिंगोलीच्या गावगाड्यात फार खरी आहे. सप्ताह, भंडारा, पंगत, काल्याचा प्रसाद यांत 'नको' म्हणणे हा अन्नाचा अपमान मानला जातो. तैत्तिरीय उपनिषदात भृगूला ब्रह्माची पहिली ओळख अन्नातच पटते, आणि अन्नाची निंदा करू नये हे व्रत तिथे सांगितले आहे. मग ताटातले नाकारायचे कसे? मला वाटते, इथे आदर आणि प्रमाण यांची गल्लत होते. प्रसाद चिमूटभर घेतला तरी तो पूर्ण असतो. त्याची थोरवी वजनात नसते. पानात वाढून घेऊन टाकणे ही निंदा आहे, मोजून वाढून घेणे हा आदर आहे. नामदेवांची दुसरी एक कथा सर्वांना माहीत आहे: कुत्र्याने कोरडी पोळी पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आपण या कथेतले तूप उचलले आणि नजर सोडून दिली. नामदेवांनी समोरच्या जिवाला काय हवे ते पाहिले. भुकेल्या जिवाला तूप हवे होते. ज्याचे गुडघे वजनाने झिजत आहेत, त्याला आग्रह आवरणारा वाढपी हवा आहे. याच गल्लतीची सर्वांत मोठी किंमत घरातली बाई देते. ती सर्वांत शेवटी जेवते आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून उरलेला भात, मुलांनी टाकलेली पोळी स्वतःच्या पोटात ढकलते. तिचे पथ्य तिच्या ताटात सुटणार नाही, चुलीवरच्या मापात सुटेल. म्हणून पथ्याचा सल्ला एकट्या रुग्णाला देणे अपुरे आहे. तो घराला द्यावा लागतो.

एवढे करूनही काटा हलला नाही तर? नवी इंजेक्शने आली आहेत, मग हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाईल. ती औषधे खरोखर प्रभावी आहेत आणि ज्याला गरज आहे, परवडते, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ती जरूर घ्यावीत. पण त्यांतले सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, असे त्याच्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसले. म्हणजे तिथेही प्रश्न टिकण्याचाच आहे. आणि फळाबद्दल बोलायचे तर रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या अभ्यासाने गीतेतील कर्मयोगाला अनपेक्षित पुष्टी दिली. आहार-व्यायाम बदललेल्या गटात तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. सरासरी वजन मात्र फारसे उतरले नव्हते. नजर फक्त काट्यावर ठेवणाऱ्याने या लोकांना अपयशी ठरवून घरी पाठवले असते. कर्म आपले फळ रक्तात देत होते. ते काट्यावर शोधणाऱ्याला दिसले नसते.

शेवटची शंका धर्मनिरपेक्ष माणसाची: दवाखान्यात संतकथा कशाला? या जिल्ह्यात मुसलमान, जैन, बौद्ध सारेच राहतात. शंका रास्त आहे, आणि कुणावर कुणाचा देव लादू नये हे उघड आहे. पण पापाची भाषा आधीच दवाखान्यात शिरलेली आहे. मी फक्त परतण्याची भाषा तिच्या जागी ठेवू म्हणतो, आणि ती प्रत्येकाच्या घरात आहे. 'तौबा' या अरबी शब्दाचा मूळ अर्थच परतणे असा आहे, आणि आजारपणात सुटलेला रोजा नंतर भरून काढण्याची सोय कुराणात आहे. हिंगोलीपाशी तर या विचाराचा स्वतःचा उत्सव आहे. नामदेवांचे जन्मस्थान मानल्या गेलेल्या, कयाधूकाठच्या नर्सीला आषाढी एकादशीनंतरच्या वद्य एकादशीला परतवारी भरते. पंढरीहून आलेली पावले पुन्हा नर्सीच्या वाटेला लागतात, आणि या परतण्यालाही वारीच म्हणतात. दोन महिने न फिरकलेली, वजन चार किलोने वाढलेली बाई दवाखान्याच्या दारात पुन्हा उभी राहते, तेव्हा तीही परतवारीच करत असते. काट्यावर चढवण्याआधी तिला बसायला सांगावे, आणि 'पथ्य का मोडलं?' याऐवजी 'वाट कुठे चुकली, सांगा' असे विचारावे. तिच्या उत्तरात सोयाबीनच्या काढणीचे दिवस असतील, लेकीचे बाळंतपण असेल, सप्ताहाच्या पंगती असतील. पुढच्या पंधरा दिवसांचे पथ्य त्या उत्तरातूनच लिहायला घेता येते.